घासलेला डबा

आयुष्यात मी मन लावून काटकसर एकदाच केली, आणि त्या एका खेपेत माझं लग्न लागता लागता राहिलं. माझ्या बरोबरीची पोरं उधळेपणानं बदनाम झाली. कोणी सिनेमापायी, कोणी पत्त्यांपायी, एकजण तर मेव्हण्याच्या मोटारसायकलपायी. मी बदनाम झालो तो राखेनं घासलेल्या डब्यापायी. ही हकिकत मी लग्नाच्या पंगतीत सांगितली आहे, एसटीत सांगितली आहे, आणि एकदा दातांच्या डॉक्टरपुढं तोंड उघडं असतानासुद्धा निम्मी सांगितली आहे. आता ती कागदावर सांगतो, म्हणजे मध्येच कोणी ‘पुढच्या स्टॉपला उतरतो’ म्हणून उठणार नाही.

हिंगोली तेव्हा नुकती जिल्ह्याचं गाव झाली होती आणि तो आनंद कुठं ठेवावा हे गावाला कळत नव्हतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या न्हाव्यानं पाटीवर ‘जिल्हा’ हा शब्द रंगवून घेतला. खुर्ची तीच, वस्तरा तोच, आरशाचा तडाही तोच, फक्त भाव जिल्ह्याचा. अशा या वाढत्या शहरात बिलकीस चाचींच्या घरामागं एक पत्र्याची खोली होती आणि तिच्यात आम्ही तिघं राहत होतो. मी, म्हणजे गणेश, कनेरगाव नाक्याच्या आतल्या एका खेड्यातला. मिलिंद कुरुंद्याचा, त्याचे वडील शाळामास्तर, त्यामुळं तो झोपेतही शुद्ध बोलायचा. आणि उत्तम, वारंगा फाट्याकडच्या एका तांड्यावरचा, बुटका, काटक, हातात पोलादी कडं, आणि चेहरा असा की जणू आत्ताच कोणीतरी त्याची फसवणूक केली आहे. खोलीत पहाटे चाचींच्या कोंबड्या पत्र्यावर चालायच्या. त्यांच्या पायांचा तो टकटक आवाज, मग अजान, मग उत्तमचा रेडिओ, मग मिलिंदचं पाठांतर. मी शेवटी उठायचो, कारण मला आवाज नव्हता; मला फक्त भूक होती.

आणि भुकेची व्यवस्था आमच्या घरून चोख होती. आजच्या पोरांना हे सांगितलं तर ती माझ्याकडं संशयानं पाहतात, पण आमच्याकडं डबा एसटीनं यायचा. माय पहाटे भाकरी थापायची. आबा, म्हणजे माझे वडील, नाक्यावरच्या धाब्याला दूध घालायला सायकलवर निघायचे, तेव्हा हँडलला एका बाजूनं दुधाची किटली आणि दुसऱ्या बाजूनं माझा तीन कप्प्यांचा डबा असायचा. वाशीमहून आलेली गाडी थांबली की डबा ड्रायव्हरच्या शेजारी इंजिनाच्या झाकणावर. त्याच्याशेजारी आणखी दहा गावचे दहा डबे. इंजिनाच्या धगीनं भाजी हिंगोलीपर्यंत गरम राहायची, थोडा डिझेलचा वास यायचा, आणि तो वास नसलेली वांग्याची भाजी मला आजही अपुरी वाटते. बसस्टँडवर आम्ही डबेवाली पोरं रांगेनं उभी राहायचो, आणि संध्याकाळच्या गाडीनं रिकामा डबा परत जायचा. ‘रिकामा’ हा शब्द मी सौजन्यानं वापरतो. मी डबा कधी धुतला नव्हता. त्यात बोटं बुडवून चाटून तो जसाच्या तसा फडक्यात बांधून मी कंडक्टरच्या हवाली करायचो, आणि मायच्या सांगण्याप्रमाणं पावसाळ्यात त्यातून कधी कधी नवीनच काहीतरी उगवून यायचं.

मग आमच्या कॉलेजात एक व्याख्यान झालं. विषय होता विद्यार्थिदशेतील अनावश्यक खर्च. वक्ते जीपमधून आले. त्यांच्यासोबत आणखी एक जीप आली, ती कशासाठी हे कोणालाच कळलं नाही. व्यासपीठावर नऊ माणसं बसली आणि नऊ जणांना शाल, श्रीफळ, हार आणि काजूची बशी मिळाली. हा सगळा खर्च आमच्या स्नेहसंमेलनाच्या वर्गणीतून झाला हे आम्हाला नंतर समजलं. काजू चघळत वक्त्यांनी विचारलं, ‘मित्रांनो, तुम्ही दिवसातून जो दुसरा चहा पिता, त्याची खरंच गरज असते का?’ आम्ही मान खाली घातली. आमच्यापैकी निम्म्यांचा पहिलाही झालेला नव्हता. तेव्हापासून आजतागायत मी पाहत आलो आहे, काटकसरीवर बोलणारा माणूस नेहमी दुसऱ्याच्या चहापासून सुरुवात करतो. स्वतःच्या दुसऱ्या जीपपर्यंत पोचेस्तोवर त्याचा वेळ संपलेला असतो.

पण उत्तम भारावला. तो खोलीवर आला, पायजम्याच्या नाडीला गाठ मारली आणि म्हणाला, “आजपासून आपल्या खोलीतला फालतू खर्च बंद.” लगेच बैठक बसली. फालतू म्हणजे काय, हे ठरवायला आम्हाला दोन दुपारी लागल्या. उत्तमच्या मते माझा शुक्रवारचा सिनेमा फालतू. मी म्हणालो, मग मिलिंदची जुनी मासिकं फालतू. वाचून झालेली मासिकं परत विकत घेणं म्हणजे दुसऱ्याचं उष्टं खाणं आहे. मिलिंद शांतपणे म्हणाला, “आणि रेडिओचे सेल?” उत्तम ताडकन उठला. “ते काहून? तो खर्च न्हाई. ते जगणं हाय!” मग मी छातीवर हात ठेवून जाहीर केलं की सिनेमा हेही माझं जगणंच आहे. मिलिंद म्हणाला की मासिकांशिवाय त्याचा श्वास चालत नाही. अशा रीतीनं तिघांचंही जगणं वाचलं, आणि जे कोणाचंच जगणं नव्हतं त्याच्यावर आम्ही तुटून पडलो. कपडे धुण्याची पावडर गेली. भांड्याची पावडर गेली. शिंपी गेला, संध्याकाळची खाणावळ गेली, बसस्टँडवरच्या हॉटेलातला चहा गेला. आणि शनिवारी गावाकडं जाण्याचं तिकीट, ज्याला मी माझं मातृप्रेम म्हणायचो, तेही उत्तमनं एका फटक्यात उडवलं. “मायला भेटून काय करतो? झोपतो आन् खातो. खायला तर डबा येतोच.” पुढं पुढं सिनेमाही आपोआप आटला, कारण उत्तमसोबत थिएटरला जाणं म्हणजे तिकिटाच्या पैशांत किती बटाटे आले असते हे मध्यंतरापर्यंत ऐकणं.

खरं सांगतो, मी असा कधी जगलो नव्हतो आणि मला ते आवडायला लागलं. उत्तम हुकूम सोडायचा आणि स्वतः सगळ्यांच्या पुढं राबायचा. त्यानं चाचींच्या चुलीतली राख मागून आणली आणि नारळाच्या शेंडीनं माझा डबा असा घासला की त्यात मला माझे दात दिसले. माझ्या शर्टाची कॉलर मानेशी झिजून तिला भोक पडलं होतं. मी तो शर्ट टाकणार होतो. उत्तमनं ती कॉलर उसवली, उलटी केली, झिजलेली बाजू आत घेतली आणि इतक्या बारीक टाक्यानं परत शिवली की शर्ट नव्याहून नवा झाला. बाजारात संध्याकाळी, भाजीवाल्या उठायच्या बेतात असताना जायचं, हेही त्यानंच शिकवलं. भेंडी घेताना तिचं शेपूट मोडून पाहायचं. कट्कन मोडलं तर घ्यायची. वांग्याचा देठ हिरवा आहे का पाहायचा. मी, ज्यानं आयुष्यात वांगं फक्त शिजलेलं पाहिलं होतं, तो मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, रस्त्यावर उकिडवा बसून भेंड्यांची शेपटं मोडायला लागलो. खोली मोठी वाटावी आणि स्वयंपाकाचा कोपरा वेगळा दिसावा म्हणून पडदा हवा होता. विकतचा पडदा हा अर्थातच फालतू खर्च. बिलकीस चाचींनी त्यांची एक जुनी हिरवी साडी दिली. ती आम्ही दोरीवर टांगली. राहता राहिलं जेवण. माझ्या एका डब्यात तिघांनी जेवायचं, आणि कमी पडतील तेवढ्या भाकरी उत्तमनं वातीच्या स्टोव्हवर थापायच्या, असं ठरलं. मी कंडक्टरजवळ घरी निरोप धाडला: भाकरी वाढवा. पुढच्या आठवड्यात पुन्हा धाडला: आणखी वाढवा, आणि ठेचा जरा कमी तिखट पाठवा, कारण मिलिंदला तिखट सोसायचं नाही.

हे निरोप ज्या घरात पोचत होते, त्या घराबद्दल मला दोन शब्द सांगितले पाहिजेत. आमच्या घराण्यात पुरुषानं जेवलेलं ताट उचलणं हे अपशकुनासारखं मानलं जायचं. आबांना पाणी पाहिजे असेल तर ते माठाला टेकून बसून ‘पाणी’ म्हणून ओरडायचे. कॉलेजच्या शेवटच्या वर्षापर्यंत पोचलेला मी घरातला पहिलाच. परीक्षा महिना-दीड महिन्यावर आलेली. आणि याच घरात ऊठबस असायची रामकिसन मामांची. मामा म्हणजे मायचे धाकटे भाऊ, शेजारच्याच गावचे. त्यांची सुनंदा मला द्यायची, हे मामांनी आम्ही दोघं पाळण्यात असतानाच ठरवून टाकलं होतं. सुनंदाला कोणी विचारलं नव्हतं. मलाही नव्हतं, पण माझी परीक्षा झाल्याशिवाय लग्नाचं नाव काढायचं नाही, एवढं मायनं आबांकडून कबूल करून घेतलं होतं. मामा सोयाबीन घेऊन हिंगोलीच्या मोंढ्यावर आले, आणि तिथं त्यांनी भाजीवालीपुढं उकिडवा बसलेला मला पाहिलं. मी त्यांना पाहिलं नाही. माझं सगळं लक्ष भेंडीत होतं.

त्या संध्याकाळी आमच्या ओसरीवर जी सभा भरली, ती मायनं पुढं कित्येक वर्षं मला सगळ्यांचे आवाज काढून करून दाखवली, त्यामुळं आपण स्वतः तिथं हजर होतो असंच आता मला वाटतं.

“अक्का, एक विचारू?” मामांनी सुरुवात केली. “गण्याचा डबा परत येतो तो कसा येतो?”

“घासून येतो,” माय म्हणाली. “राखंनं घासलेला. कडा सुद्धा चकचकीत.”

“आन् आदी कसा येत होता?”

“आदीचं नको विचारू. आदी मी तो काठीनं उघडत होते.”

“मंग आता कोण घासून राहिलं?”

आबा म्हणाले, “पोरगं घासत असंल.” यावर माय आणि मामा इतके हसले की आबांनाच आपल्या बोलण्याची लाज वाटली.

मग पुरावे एकावर एक येऊन बसायला लागले. संक्रांतीला मी आलो तेव्हा मायनं कॉलर पाहिली होती. टाका मशीनचा नव्हता, हाताचा होता, आणि जीव लावून घातलेला होता. शनिवारी घरी येणं बंद झालं. भाकरी दोनदा वाढवायला लावल्या, आणि वर ठेचा कमी तिखट. माझ्यासारखा मिरचीत वाढलेला माणूस कोणासाठी तिखट कमी करतो? मामांनी तिथंच आपला हुकमाचा पत्ता टाकला. “दाजी, म्या ह्या डोळ्यांनी पाह्यलं. तो भेंडीचं शेपूट मोडून पाहून राहिला होता! वांगी उलटीपालटी करून घेत होता. पोरगं एकटं असतं तर असं करतं काय? हे घरवालीनं सांगून धाडलेलं हाय. त्यानं बाई ठिवली. न्हाई तर लगीनच उरकलं.”

आता विचार करा. पोरगं दारू पिऊन गटारात पडलं असतं, तर ‘वय हाय’ म्हणून सगळ्यांनी समजून घेतलं असतं. पोरगं नीटनेटकं राहायला लागलं, त्याबरोबर घरावर आभाळ कोसळलं. आबांनी निकाल दिला: उद्या सकाळच्या गाडीनं जायचं, दुपारच्या गाडीनं गण्याला पेटीसकट परत आणायचं. कॉलेज बंद, परीक्षा बंद. मामा म्हणाले, “आन् या महिन्यातच हळद लावून टाकू. पोरगं हातचं गेलं तर मंग बोंबलत बसावं लागंल.”  माय आत गेली आणि ट्रंक उघडल्याचा आवाज झाला, एवढंच आबांना आठवतं.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखा बसस्टँडवर रांगेत उभा. गाडी आली. इंजिनाच्या झाकणावर सगळे डबे होते, माझा नव्हता. माझा डबा मायच्या मांडीवर होता आणि माय खिडकीत होती. तिच्या मागून आबा उतरले, धुवून काढलेलं धोतर, डोक्याला फेटा, म्हणजे प्रकरण गंभीर. त्यांच्या मागून मामा, बगलेत छत्री. कडाक्याचं ऊन होतं. छत्री कोणासाठी होती ते मला समजलं नाही.

“काय झालं? कोणी गेलं काय?” मी विचारलं.

“अजून न्हाई गेलं,” आबा म्हणाले. “खोलीवर चल.”

रस्त्यानं माय सारखी माझ्या कॉलरीकडं पाहत होती. मामांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, “खोलीत कितीजण राहता?”

“तिघं.”

मामा जागीच थांबले. आबांचा हात धरला आणि हळू आवाजात, पण मला ऐकू जाईल असं म्हणाले, “ऐकलं काय दाजी? तिघं. लेकरू बी झालं.”

गल्लीत शिरलो तेव्हा मिलिंद कॉलेजात गेलेला होता. खोलीचं दार उघडं. दारातून समोर दोरीवर ती हिरवी साडी, वाऱ्यानं हलत असलेली. आबांनी डोळे मिटून घेतले. आणि साडीच्या मागून आवाज येत होता, भाकरी थापण्याचा. एका लयीतला, ना घाई ना उशीर, मध्येच परातीवर कडं वाजल्याचा किणकिणाट. माय उंबऱ्यात थबकली. मी तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं. ती चिडलेली नव्हती. ती ऐकत होती, जसं एखादा पखवाजवाला दुसऱ्याचा पखवाज ऐकतो. “हात बसलेला हाय,” ती स्वतःशीच म्हणाली. “चांगल्या घरची दिसते.”

मामांनी छत्रीच्या टोकानं साडी बाजूला सारली.

साडीमागं उत्तम उकिडवा बसला होता. अंगात बनियन, खाली पट्ट्यापट्ट्याची चड्डी, डोक्याला उन्हाचं आणि धुराचं म्हणून टॉवेल गुंडाळलेला, कोपरापर्यंत पीठ. हातात ज्वारीची भाकरी, अशी गोल की कंपासनं काढावी. त्यानं वर पाहिलं. समोर फेटा, छत्री आणि लुगडं. त्याच्या जागी मी असतो तर भाकरी टाकून पळालो असतो. उत्तमनं भाकरी आधी तव्यावर टाकली, तिला पाणी फिरवलं, आणि मग नमस्कार केला.

“ही काय?” आबा म्हणाले.

मामा मात्र हार मानणाऱ्यातले नव्हते. त्यांनी खाटेखाली छत्री फिरवली. पेटीमागं पाहिलं. मिलिंदच्या मासिकांचा गठ्ठा हलवला, जणू तिथं एखादी घडी घालून ठेवलेली बाई सापडणार होती. “कुठं लपवली? बोल गण्या! ही साडी कोणाची?”

त्या गलक्यानं बिलकीस चाची कोंबड्या हाकलत आल्या. “मेरी साडी है वो! क्या ढूंड रहे तुम लोगां?” मामांनी सांगितलं काय शोधतोय ते. चाचींनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग उत्तमच्या चड्डीकडं पाहिलं, आणि भिंतीला टेकून हसत हसत खाली बसल्या. “औरत? इनकू? अरे भाई, इनकू उधार कोयला नहीं देते मोहल्लेवाले, औरत कौन देता?” हसू आवरल्यावर त्यांनी एक आणखी वाक्य टाकलं. “और आई भी कोई, तो पहले दिन भाग जाती. ये बुटक्या चाय तक नहीं पीने देता किसीकू.”

आता सगळं स्पष्ट झालं होतं. घासलेल्या डब्याचं, कॉलरीचं, भेंडीचं, सगळ्याचं उत्तर पिठानं माखलेल्या हातांनी तव्यावरची भाकरी उलटत होतं. पण मामा आपली छत्री इतक्या लांब घेऊन आले होते. “आज न्हाई तर उद्या आणंल,” ते म्हणाले. “इथं राहून पोरगं बायल्या झालं. दाजी, पेटी उचला. बाराची गाडी चुकंल.” आबांनी खरोखरच माझ्या पेटीला हात घातला. माणूस एकदा फेटा बांधून घरातून निघाला की रिकाम्या हातानं परतणं त्याला जड जातं. मी दाराशी उभा; तीन वर्षांचा अभ्यास त्या पेटीत होता आणि ती पेटी जमिनीपासून वीतभर उचलली गेली होती.

“ठिवा ती खाली,” माय म्हणाली.

ती स्टोव्हपाशी बसली होती. उत्तमनं तिला ताट दिलं होतं, त्यात गरम भाकरी. मामांनी मधल्या वेळात उत्तमचं आडनाव विचारून घेतलं होतं आणि आपला पाण्याचा पेला न पिताच अलगद कोनाड्यात ठेवून दिला होता. मायनं भाकरीचा तुकडा मोडला, आपल्याच ठेच्याला लावला आणि खाल्ला. “कोणी शिकवलं रे तुला?”

“कोणी न्हाई, मावशे,” उत्तम म्हणाला. “मायबाप ऊसतोडीला जात होते. धाकटी दोघं माझ्यापाशी राह्यची. त्याहिला भूक लागत होती.”

मायनं ताटातली भाकरी शेवटच्या तुकड्यापर्यंत संपवली. मग तिनं आपलं गाठोडं पुढं ओढलं आणि सोडलं. त्यातून निघाला एक लाल खण, एक नारळ, मूठभर तांदळाची पुडी आणि हिरव्या बांगड्या, कागदात गुंडाळलेल्या.  

“अक्का, हे काय आणलं?” मामा ओरडले. “आपण भांडायला आलो ना?”

“तुमी भांडायला आलते,” माय म्हणाली. “मी सून पाहायला आलते. पोराचा डबा आरशासारखा करून धाडणारीला मी रिकाम्या हातानं भेटू काय?”

आबांनी पेटी खाली ठेवली. पंचवीस वर्षं संसार केलेल्या बायकोकडं त्यांनी असं पाहिलं, जणू तिचं नाव विचारावं. आणि मायनं उत्तमला हुकूम सोडला, “टॉवेल पुढं धर.”

उत्तमला कळेना. मला कळलं आणि मी तोंड दाबलं. त्यानं डोक्याचा टॉवेल सोडला, दोन्ही हातांनी पुढं पसरला, आणि चड्डी-बनियनवर उभ्या असलेल्या त्या कडक शिस्तीच्या माणसाची मायनं रीतसर ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. बांगड्यांपाशी ती क्षणभर थांबली, उत्तमचं मनगट पाहिलं, आणि त्या चाचींच्या हातात दिल्या. चाचींनी त्या तिथंच चढवल्या. “पोरगं परीक्षा होईस्तवर इथंच राहील,” माय उठत म्हणाली. “डबा मी तिघांचा धाडीन. आन् रामकिसन, तुला पोरीचं लगीन उरकायचं तर तिला आदी विचार. मला तिचं लक्षण वेगळंच दिसून राहिलं.” दारापाशी जाऊन ती वळली. “आन् पोरांनो, इतकी काटकसर करू नका रे. लोकाला संशय येतो.”

सुनंदाचं लक्षण खरंच वेगळं होतं, ती आज नर्स आहे, आणि कुठं लग्नात भेटली की म्हणते, “तुझ्या त्या उत्तमला नमस्कार सांग, त्याच्या भाकरीनं वाचवलं मला.” मी पास झालो, फारसा नाही, पण झालो. मामांनी दोन वर्षं माझ्याशी बोलणं टाकलं, तो काळ मला फार स्वस्तात पडला. त्या दिवशीचं तिघांचं जाण्यायेण्याचं भाडं, नारळ, खण, नाक्यावरचा चहा, परतताना हरवलेली मामांची छत्री, हे सगळं पाहिलं तर आमच्या काटकसरीनं आमच्या घराला बरंच खर्चात घातलं होतं. उत्तमनं त्या खणाचं रेडिओवर घालायला झाकण आणि उरलेल्याचे दोन रुमाल केले.

गेल्या दिवाळीत मी उत्तमच्या घरी गेलो. तो आता मुख्याध्यापक आहे, अंगानं रुंद झाला आहे, आणि शाळेच्या समारंभात त्याला शाल-श्रीफळ मिळतं. आम्ही बाहेरच्या खोलीत सोफ्यावर बसलो होतो. उत्तमच्या हाताच्या अंतरावर पाण्याची बाटली होती. तो आत तोंड करून ओरडला, “अगं, पाणी!” वहिनी पाणी घेऊन आल्या. मग ओरडला, “अगं, चष्मा!” मग, “अगं, पंखा!” वहिनी पदराला हात पुसत म्हणाल्या, “यांना घरातलं मीठ कुठं असतं ते ठाऊक न्हाई भावजी. वीस वर्षं झाली, कधी स्वयंपाकघरात पाऊल न्हाई. म्हंतात, मला जमतच न्हाई.”

मी उत्तमकडं पाहिलं. उत्तमनं माझ्याकडं पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर तो जुना, फसवणूक झाल्याचा भाव आला. “गण्या,” तो हळूच म्हणाला, “तू चहा घे आन् नीघ.”

मी चहा घेतला. निघालो नाही. मी पाय वर घेऊन बसलो आणि सुरुवातीपासून, डब्यापासून, कॉलरीपासून, भेंडीच्या शेपटापासून, सगळ्यांचे आवाज काढून, कोंबड्यांच्या चालण्यासकट, वहिनींना सगळं सांगितलं. मध्ये उत्तमनं तीनदा विषय बदलला. टॉवेल पसरण्याच्या जागी मी स्वतः उठून उभा राहिलो. वहिनी एकदाही हसल्या नाहीत. संपलं तेव्हा त्या उठून आत गेल्या. परतल्या त्या परात घेऊन. परातीत पीठ, पिठात खड्डा, खड्ड्यात गरम पाणी. परात त्यांनी मुख्याध्यापकांच्या मांडीपाशी ठेवली आणि गॅसची शेगडी कुठं आहे ते बोटानं दाखवलं.

उत्तमनं परात उचलली आणि तो आत गेला, मागोमाग वहिनी. मग आतून तो आवाज आला, एका लयीतला, ना घाई ना उशीर. हातात कडं आता नव्हतं, बाकी सगळं तेच. पहिली भाकरी तव्यावर टम्म फुगली. वहिनींनी ती उलटून पाहिली, कडा दाबून पाहिली. मग त्या बाहेर आल्या, सोफ्यावर माझ्याशेजारी पहिल्यांदाच मांडी घालून बसल्या, आणि आत तोंड करून ओरडल्या, “अहो, पाणी!”